बारावीनंतर अमेरिकेतले कॉलेज की परदेशी क्लबचा डेव्हलपमेंट संघ? बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलासाठी सल्ला हवा आहे

मुलुंडची आई

नमस्कार. माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, बारावी वाणिज्य शाखेत शिकतो, त्याची उंची ६ फूट ५ इंच आहे आणि गेल्या वर्षी त्याची महाराष्ट्राच्या १८ वर्षांखालील संघात निवड झाली होती. पाचवीत असताना शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर त्याने बास्केटबॉल सुरू केले. आता तो पहाटे साडेपाचच्या लोकलने मुलुंडहून माटुंग्याला सरावाला जातो, तिथूनच कॉलेज गाठतो आणि संध्याकाळी पुन्हा क्लबमध्ये खेळून रात्री साडेनऊच्या सुमारास घरी येतो. त्याच्या उजव्या बुटाचा अंगठ्याखालचा भाग दर तीन-चार महिन्यांनी झिजून पातळ होतो, कारण तो कायम त्याच पायावर वळतो. नवीन बूट घेताना मी आता आधी तोच भाग दाबून पाहते.

२०१९ च्या ऑक्टोबरात वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स या संघांचा सामना झाला, तेव्हा शाळेच्या मुलांबरोबर तोही तिथे होता. जादा वेळेत गेलेला तो सामना पेसर्सनी १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला. त्या रात्री घरी आल्यावर त्याने मला विचारले होते की हे लोक शाळा कधी करतात. तोच प्रश्न आज आमच्या घरात वेगळ्या रूपात उभा आहे.

आमच्यापुढे दोन प्रस्ताव आहेत आणि दोन्हींना मार्चअखेरपर्यंत उत्तर द्यायचे आहे. पहिला प्रस्ताव अमेरिकेतल्या डिव्हिजन दोनमधल्या, म्हणजे तिथल्या कॉलेज स्पर्धांच्या दुसऱ्या स्तरातल्या एका कॉलेजचा आहे. तिथल्या सहायक कोचनी मुलाच्या सामन्यांचे व्हिडिओ पाहिले, त्याच्याशी दोनदा सविस्तर बोलले आणि अंशतः शिष्यवृत्ती देऊ केली. ती वजा जाता राहणे, जेवण आणि विमा धरून वर्षाला साधारण १५ लाख रुपये आम्हाला भरावे लागतील. माझे यजमान बेस्टच्या आगारात नोकरी करतात आणि मी महापालिकेच्या शाळेत शिकवते, तेव्हा हा आकडा आमच्यासाठी किती मोठा आहे हे मी वेगळे सांगायला नको. दुसरा प्रस्ताव एका एजंटामार्फत आला आहे. युरोपातल्या एका क्लबच्या डेव्हलपमेंट संघाशी दोन वर्षांचा करार, राहण्या-जेवणाची सोय क्लबकडे आणि शिवाय दरमहा भत्ता. त्यात शिक्षणाचा उल्लेख कुठेच नाही. मुलाचा कल अर्थातच याच बाजूला आहे, कारण त्याला वाटते की कॉलेजमध्ये चार वर्षे घालवली तर वय निघून जाईल.

माझे प्रश्न दोन आहेत. या वयाच्या मुलाचा खेळ खरोखर कुठे वाढतो? आणि आज करारावर सही केली तर उद्या कॉलेजचे दार बंद होते का? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

नागपाड्याचा जुना गार्ड

ताई, नमस्कार. मी नागपाड्यात वाढलो, बच्चूखान मैदानावर आणि मस्तान तलावाच्या कोर्टवर खेळलो आणि गेली २२ वर्षे मुलांना शिकवतो आहे. आमच्या वस्तीने भारतीय संघाला आणि रेल्वे, कस्टम्स, आयकर यांसारख्या खात्यांना पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू दिले. त्यातल्या बहुतेकांना कोणी एजंट कधी भेटला नव्हता. आता एजंट येतात ही चांगली गोष्ट आहे, पण त्यामुळे पालकांची जबाबदारी वाढली आहे.

पहिली गोष्ट अशी की ‘डेव्हलपमेंट’ या शब्दामुळे मुलांची मोठी गैरसमजूत होते. त्यांना वाटते की तिथे आपल्याला घडवण्यासाठी संघ उभा केला आहे. प्रत्यक्षात असा संघ वरच्या संघाची गरज भागवण्यासाठी असतो. एनबीएची स्वतःची डेव्हलपमेंट लीग २००१ मध्ये सुरू झाली, २०१७ पासून तिला जी लीग म्हणतात, आणि तिच्यात १८ वर्षांचा खेळाडू नियमाने खेळू शकतो. पण तिथे प्रत्यक्षात उभे असतात ते बावीस ते सत्तावीस वर्षांचे, कॉलेजची तीन-चार वर्षे खेळून आलेले, अंगाने भरलेले पुरुष, आणि त्यातला प्रत्येक जण वरून बोलावणे येण्याची वाट पाहत स्वतःच्या भाकरीसाठी खेळत असतो. २०२३-२४ च्या हंगामात तिथला साधा करार ४०,५०० डॉलरचा होता. अशा संघात १८ वर्षांच्या मुलाला कोच दहा मिनिटेसुद्धा का देईल, याचा विचार मुलाने करावा.

कोवळ्या मुलांसाठी म्हणून एनबीएने २०२० मध्ये जी लीग इग्नाइट नावाचा खास संघ काढला होता. शाळेतून थेट आलेल्या मुलांना चांगले मानधन द्यायचे, अनुभवी खेळाडूंबरोबर खेळवायचे आणि वर्षभराने ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत पाठवायचे, अशी ती योजना होती. जेलन ग्रीन तिथूनच २०२१ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला, त्याच वर्षी जोनाथन कुमिंगा सातव्या क्रमांकावर गेला आणि २०२३ मध्ये स्कूट हेंडरसन तिसऱ्या क्रमांकावर. परंतु ही मुले त्या संघात येण्यापूर्वीच जगातल्या आपल्या वयाच्या सर्वोत्तम मुलांत गणली जात होती. संघाने त्यांना शोधून काढले नव्हते. २०२३-२४ चा हंगाम संपल्यावर तो संघ बंद झाला, कारण २०२१ च्या जुलैपासून अमेरिकी कॉलेजांतल्या खेळाडूंना आपल्या नावावर आणि छबीवर पैसे कमावण्याची परवानगी मिळाली आणि उत्तम मुले पुन्हा कॉलेजांकडे वळली. ज्या वयातल्या मुलांसाठी तो संघ काढला, त्यांनाच आता कॉलेज अधिक देत होते.

आपल्या मुलांचे काय झाले तेही सांगतो, आणि हे सांगताना मला वाईट वाटते. पंजाबच्या बल्लो के गावचा सतनामसिंग भमारा, उंची ७ फूट २ इंच, १४ व्या वर्षी फ्लोरिडातल्या अकादमीत गेला, कॉलेजमध्ये न खेळता थेट ड्राफ्टमध्ये उतरला आणि २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. भारतात जन्मलेला तो पहिलाच. त्या दिवशी आमच्या मैदानावर मुलांनी पेढे वाटले होते. त्यानंतर दोन हंगाम तो डॅलसच्या डेव्हलपमेंट संघात, टेक्सास लेजंड्समध्ये होता आणि त्याला खेळायला मोजकीच मिनिटे मिळाली. एनबीएचा एकही सामना त्याला खेळता आला नाही. त्याच्या कष्टांत काही कमी नव्हते. ज्या वयात हजारो मिनिटे कोर्टवर घालवून चुका करायच्या असतात, त्या वयात तो बेंचवर बसला, हे माझे मत आहे. गुरदासपूर जिल्ह्यातला प्रिन्सपाल सिंग ग्रेटर नोएडातल्या एनबीए अकादमीतून आला आणि इग्नाइटच्या पहिल्याच संघात होता. त्यालाही तिथे फार थोडे खेळायला मिळाले. २०२१ च्या समर लीगचे, म्हणजे एनबीएच्या उन्हाळी स्पर्धेचे विजेतेपद मिळवणाऱ्या सॅक्रामेंटोच्या संघात तो होता, हा मान त्याच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. पण खेळण्याची भूक त्याने भागत नाही.

याउलट कॅनडात जन्मलेला, पंजाबी आईवडिलांचा सिम भुल्लर पाहा. तो न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाकडून दोन हंगाम खेळला, ड्राफ्टमध्ये त्याला कोणी घेतले नाही, मग तो डेव्हलपमेंट लीगमध्ये रेनोच्या संघात गेला आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये सॅक्रामेंटोकडून एनबीएच्या कोर्टवर उतरला. आधी कॉलेज आणि मग डेव्हलपमेंट लीग, हा क्रम त्याच्या शरीराला आणि खेळाला मानवला.

तुमच्या मुलाने दोन्ही ठिकाणच्या कोचना एकच गोष्ट विचारावी: माझ्या जागेवर सध्या कोण खेळतो, तो कितव्या वर्षाला आहे आणि तो गेल्यावर ती मिनिटे कोणाला मिळणार आहेत. ६ फूट ५ इंच उंचीचा मुलगा मुंबईत बास्केटखाली खेळतो, पण तिकडे त्या उंचीच्या मुलाला बाहेरून खेळावे लागते. त्याला आता चेंडू हाताळणे, दुरून शूट करणे, गार्डच्या मागे धावत डिफेन्स करणे हे सगळे नव्याने शिकायचे आहे. हे शिकायला चुका करण्याची मुभा देणारा संघ लागतो. म्हणून माझा कौल कॉलेजच्या बाजूला आहे.

ठाण्याचे बाबा

माझी मुलगी चार वर्षे अमेरिकेतल्या एका लहान कॉलेजकडून खेळून गेल्या वर्षी पदवी घेऊन आली, म्हणून कागदपत्रांविषयी लिहितो; या बाबतीत आम्ही फार ठेचा खाल्ल्या आहेत.

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या पात्रता केंद्राकडे मुलाची नोंदणी करावी लागते आणि ते केंद्र नववीपासून बारावीपर्यंतच्या गुणपत्रिका तपासते. त्यांना १६ मूलभूत विषय हवे असतात, म्हणजे इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि त्यांसारखे. डिव्हिजन एकसाठी या विषयांत ४ पैकी किमान २.३ आणि डिव्हिजन दोनसाठी २.२ सरासरी लागते. तुमचा मुलगा वाणिज्य शाखेत आहे, त्यामुळे पुस्तपालन आणि चिटणिसाची कार्यपद्धती हे विषय त्या १६ मध्ये धरले जातील असे अजिबात गृहीत धरू नका. अर्थशास्त्र आणि गणित त्याच्याकडे आहेत का, हे आजच पाहा. बारावीला त्याने गणित सोडले असेल तर नववी-दहावीच्या विषयांवर जास्त भार पडेल. एसएटी या प्रवेशपरीक्षेची अट मात्र २०२३ पासून एनसीएएने काढून टाकली आहे. एखादे कॉलेज स्वतःच्या प्रवेशासाठी ती मागू शकते, इतकेच.

आमची गाडी एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर अडली होती. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत छापलेले असते. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात होते आणि वडिलांच्या नावाचे स्पेलिंग एका अक्षराने वेगळे होते. दहावीची गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका आणि पासपोर्ट ही तीन वेगवेगळ्या व्यक्तींची कागदपत्रे नाहीत, हे पटवून देण्यात आमचे सात आठवडे गेले. मी प्रतिज्ञापत्र करून, नोटरी करून, शाळेच्या मुख्याध्यापकांचे पत्र जोडून पाठवले तेव्हा ते सुटले. ताई, आज रात्री तीनही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर जुळवून पाहा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. बारावीनंतर कॉलेजमध्ये नाव घालायला मुलाला साधारण एका वर्षाची मुभा असते. त्यानंतर तो संघटित स्पर्धांत खेळत राहिला तर कॉलेजमध्ये खेळण्याच्या वर्षांतून कपात होण्याची भीती असते. क्लबशी करार करून खर्चापलीकडे पैसे घेतले असतील तर तो करार, पावत्या, सगळे त्या केंद्रापुढे ठेवावे लागते. त्याहून नाजूक बाब एजंटाची आहे: आपल्या खेळाचा सौदा करण्यासाठी एजंटाशी केलेला करार, मग तो तोंडी का असेना, मुलाची पात्रता घालवू शकतो. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, पूर्वी इग्नाइटमध्ये खेळलेल्या थिएरी डार्लनला सांता क्लारा विद्यापीठाकडून खेळण्याची परवानगी मिळाली, म्हणजे दार पूर्वीइतके घट्ट राहिलेले नाही. पण त्याच्यामागे एका विद्यापीठाची सगळी यंत्रणा उभी होती. डिव्हिजन दोनमधले लहान कॉलेज मुंबईतल्या मुलासाठी तेवढी लढाई लढेल, यावर भिस्त ठेवू नये.

पैशांविषयी स्पष्ट लिहितो. डिव्हिजन दोनमध्ये पुरुषांच्या बास्केटबॉल संघाला १० पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकीच रक्कम देता येते आणि कोच ती संघभर वाटून देतो, म्हणून अर्धी किंवा पाव शिष्यवृत्ती ही तिथली नेहमीची रीत आहे; त्यात मुलाचा कमीपणा नाही. वर्तमानपत्रात खेळाडूंना वाटल्या जाणाऱ्या कोट्यवधी डॉलरच्या बातम्या येतात त्या डिव्हिजन एकमधल्या बड्या विद्यापीठांच्या आहेत. शिवाय आपली मुले विद्यार्थी व्हिसावर जातात आणि त्या व्हिसावर बाहेर काम करून पैसे मिळवण्यावर कडक बंधने आहेत. कॉलेजच्या आवारात सत्रकाळात आठवड्याला २० तास काम करता येते. माझी मुलगी ग्रंथालयात बसायची आणि त्यातून तिचा किराणा आणि फोनचे बिल सुटायचे. कोचला एकदा विनंती करा की पहिल्या वर्षीचे गुण चांगले आले तर शैक्षणिक शिष्यवृत्ती जोडता येईल का. आम्ही दुसऱ्या वर्षी विचारले आणि मिळाली. पहिल्याच वर्षी विचारले असते तर दोन-अडीच लाख वाचले असते.

मुलींच्या पालकांसाठी एक ओळ: मुलींना जी लीगसारखा पर्यायच नाही, त्यामुळे आमच्या घरी हा वाद झालाच नाही. बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाकडून खेळली, ते पाहूनच माझ्या मुलीने हट्ट धरला.

अंधेरीचा शूटर

मी २६ वर्षांचा आहे, थ्री-ऑन-थ्री आणि फाइव्ह-ऑन-फाइव्ह दोन्ही खेळतो आणि भारतातल्या लीगमध्ये मानधन घेऊन खेळलो आहे. वरच्या दोन्ही ज्येष्ठांविषयी आदर ठेवून मला थोडे वेगळे म्हणायचे आहे.

व्यावसायिक क्लबमध्ये गेलेला प्रत्येक मुलगा बेंचवर सडतो, हे खरे नाही. एनबीएत गाजलेला लुका डॉन्चिच १३ व्या वर्षी स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबमध्ये गेला आणि १६ व्या वर्षी त्यांच्या मुख्य संघाकडून खेळला. ऑस्ट्रेलियाच्या लीगने २०१८ मध्ये तरुणांसाठी नेक्स्ट स्टार्स ही योजना काढली. लामेलो बॉल त्यातून इलावारा हॉक्सकडून एक हंगाम खेळला आणि २०२० च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेला. युरोपातले क्लब एकाच मुलाला १६ वर्षांखालील, १८ वर्षांखालील आणि दुसऱ्या फळीच्या संघात आठवड्याभरात खेळवतात. त्यामुळे नागपाड्याच्या सरांनी जी लीगबद्दल जे लिहिले ते जसेच्या तसे युरोपातल्या क्लबला लावू नये. त्या क्लबचा दुसरा संघ कोणत्या स्पर्धेत खेळतो आणि गेल्या पाच वर्षांत त्या संघातले किती खेळाडू मुख्य संघात गेले, हे इंटरनेटवर एका संध्याकाळी शोधता येते. ते आधी शोधा.

खेळाचाही फरक आहे. युरोपात २४ सेकंदांत शूट करावे लागते, अमेरिकी कॉलेजमध्ये ३० सेकंद मिळतात. कॉलेजमध्ये हंगामात सरावाच्या तासांवर आठवड्याला २० तासांची मर्यादा असते, क्लबमध्ये अशी मर्यादा नसते. ज्या मुलाला पाय, हात, नजर सगळे नव्याने घडवायचे आहे, त्याला रोज दोन वेळा कोर्टवर उभे करणारा क्लब उपयोगी पडू शकतो. आणि १५ लाख रुपये दरवर्षी, चार वर्षे, म्हणजे ६० लाख. ज्या घरात एवढी रक्कम नाही त्या घराला ‘कॉलेज बरे’ असे सहज सांगणे मला पटत नाही. कर्ज काढून गेलेला माझा एक मित्र गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या वर्षी परत आला. पदवी नाही, खेळ नाही, आणि हप्ता आजही चालू आहे.

तिसरा मार्गही आहे. इथेच राहून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा साध्या कॉलेजातून पदवी करायची, आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळायच्या आणि भारतातल्या लीगमध्ये मिनिटे मिळवायची. इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग २०२२ पासून चालू आहे, २०२५ मध्ये तिने २५ वर्षांखालील खेळाडूंसाठी व्यावसायिक स्पर्धाही घेतली आणि तीत मुंबईचा संघ होता. हंगाम लहान असतो, त्यावर पोट भरत नाही, हे मान्य आहे. पण १९ व्या वर्षी स्वतःच्या भाषेतल्या कोचकडून रोज चाळीस मिनिटे खेळलेला मुलगा, २१ व्या वर्षी परदेशी क्लबसमोर जास्त ताठ उभा राहील.

परळचा रेल्वेवाला

थोडक्यात लिहितो. मी क्रीडा कोट्यातून रेल्वेत लागलो. रेल्वेच्या भरतीत दहावी, बारावी आणि पदवी यांनुसार पायऱ्या आहेत: बारावी झालेल्याला वेतनाची लेव्हल २ किंवा ३, पदवीधराला लेव्हल ४ किंवा ५, आणि वयाची मर्यादा साधारण १८ ते २५. मी बारावीवर लागलो. माझ्यासारखाच, किंबहुना माझ्याहून कमी खेळलेला, पण बी.कॉम. झालेला मुलगा त्याच वर्षी माझ्या वर लागला आणि आज तो ज्या खुर्चीत बसतो तिथे पोचायला मला विभागीय परीक्षा देत दहा वर्षे लागली. खेळताना याची जाणीव होत नाही. गुडघे बोलू लागले की होते. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांतही प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यातल्या चांगल्या पदांना पदवी लागते. शिवाय ही दारे राष्ट्रीय स्पर्धांतल्या कामगिरीवर उघडतात. मुलगा दोन वर्षे परदेशात अशा संघात बसला की ज्याच्या सामन्यांची इथे नोंदच होत नाही, तर परत येऊन त्याच्या हातात दाखवायला प्रमाणपत्र कोणते असेल, हे अवश्य विचारा.

मुलुंडची आई

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री तिन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले; दहावीच्या गुणपत्रिकेवर माझ्या यजमानांच्या नावात एक ‘ए’ जास्त आहे. मुलाकडे गणित आणि अर्थशास्त्र दोन्ही आहेत. एजंटाने कराराची तीन पाने व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवली आहेत, पण पानांवर १, २ आणि ५ असे आकडे आहेत. मधली दोन पाने मागितली तर ते म्हणतात की क्लबकडून शेवटचा मसुदा यायचा आहे, तोवर पालक म्हणून मी पहिल्या पानावर सही करून जागा राखून ठेवावी. यावर काय करावे?

नागपाड्याचा जुना गार्ड

ताई, सही करू नका. मुलगा १८ चा होईपर्यंत त्याने स्वतः केलेला करार भारतीय करार कायदा, १८७२ नुसार ग्राह्य धरला जात नाही, म्हणूनच ते तुमची सही मागत आहेत. दुसरे असे की आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या नियमांनुसार १८ व्या वाढदिवसाआधी खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला जाता येत नाही. अपवाद आहेत, पण त्यांसाठी शिक्षणाची सोय, पालकांची संमती आणि दोन्ही देशांच्या महासंघांचा सहभाग लागतो. ज्या प्रस्तावात शाळा-कॉलेजचे नावच नाही तो या अपवादात कसा बसणार, हे त्या एजंटाने लेखी सांगावे. त्यांच्याकडे फिबाचा परवाना आहे का, तेही विचारा आणि परवाना क्रमांक घ्या. तिसरे, पान ३ आणि ४ वर बहुधा करार मोडण्याची भरपाई, दुखापतीचा खर्च आणि कमिशन असणार. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी अशीच पाने न पाहता सही केली होती. गुडघा दुखावल्यावर परतीच्या तिकिटाचे पैसेही त्यांनाच भरावे लागले.

अंधेरीच्या मित्राचे म्हणणे मला बरेचसे पटले, हेही नोंदवतो. क्लब चांगला असेल तर मी आडवा येणार नाही. पण चांगला क्लब पाने लपवत नाही.

ठाण्याचे बाबा

सरांच्या म्हणण्याला पुस्ती जोडतो. ‘जागा राखण्यासाठी’ केलेली ती सही उद्या एजंटाशी केलेला करार म्हणून पात्रता केंद्रापुढे आली तर कॉलेजचा प्रस्तावही धोक्यात येईल. आतापर्यंत त्यांच्याशी झालेले सगळे संदेश जपून ठेवा आणि ‘आम्ही तुम्हाला आमच्या मुलाचे प्रतिनिधी म्हणून नेमलेले नाही’ असे एक वाक्य आजच लिहून पाठवा. नावातल्या जादा ‘ए’साठी मुख्याध्यापकांचे पत्र परीक्षेच्या आधी घ्या, फेब्रुवारीत शाळेत कोणी हाताला लागत नाही.

मुलुंडची आई

तसे वाक्य पाठवले. त्यावर उत्तर आले नाही आणि मधली पानेही आली नाहीत.

परवा रात्री साडेअकराला अमेरिकेतल्या कोचशी व्हिडिओवर बोललो. मुलाने वहीत लिहून ठेवलेला प्रश्न स्वतः विचारला: माझ्या जागेवर कोण खेळतो. कोचनी न अडखळता दोघांची नावे सांगितली, त्यातला एक येत्या मे महिन्यात पदवी घेऊन जातो आहे. पहिल्या वर्षी सामन्याला आठ-दहा मिनिटांपेक्षा जास्त अपेक्षा धरू नकोस, डावा हात सुधार, असेही ते म्हणाले. शैक्षणिक शिष्यवृत्तीसाठी बारावीचा निकाल लागल्याबरोबर अर्ज करायला सांगितले आहे. ती मिळाली तर आमचा वाटा १५ वरून ११ लाखांवर येईल. तेवढेही आम्हाला जड आहे. म्हणून यजमान आणि मी असे ठरवले आहे की ११ च्या वर गेले तर मुलगा यंदा इथेच कॉलेजात नाव घालेल आणि परदेशात कुठेही सही न करता एक वर्ष थांबेल. मुलाला हे लगेच आवडले नाही. पण आज पहाटे तो निघाला तेव्हा चेंडूची पिशवी डाव्या खांद्याला होती आणि जिन्यावरून उतरताना तो डाव्या हाताने भिंतीवर टप्पे मारत गेला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून विचारले की एवढ्या पहाटे कोण ठोकते आहे.

अंधेरीच्या दादांना एक विनंती आहे. थांबायची वेळ आली तर मुंबईत डाव्या हाताच्या सरावासाठी आणि बाहेरून खेळायला शिकवण्यासाठी कोणत्या कोचकडे पाठवावे, हे कृपया सांगावे. रविवारी आम्ही माटुंग्याला असतो.

अंधेरीचा शूटर

काकू, रविवारी सकाळी सात वाजता मी स्वतः माटुंग्याला येतो. मुलाला दोन चेंडू आणायला सांगा.